टाकीतला भांग

सलूनवाल्या काकांनी म्हातारपणी दुकान सोडलं आणि घरात काचेची छोटी टाकी मांडली. तळाला माती, वर बारीक वाळू, त्यात चिमट्याने एकेक रोप. महिन्याभरात पाण्याखाली हिरवंगार गवत माजलं. काकांनी ते आपल्या जुन्या कात्रीने इतकं एकसारखं कापलं, की काकूंना मुद्दाम हाक मारली. "बघ, मासे यायच्या आधीच काय थाट आहे!"

दुसऱ्या दिवशी काका बाजारातून आले, तर गवतात डावीकडे सरळ भांग पाडलेला.

"तू हात घातलास?"

"मी कशाला? मघाशी तुम्हीच कापत होतात ना? कात्री वाजत होती."

कात्री पेटीत होती आणि पेटीची किल्ली काकांच्या खिशात.

काका टाकीवर वाकले. एक पातं इकडचं तिकडे नव्हतं. असा भांग साऱ्या दुकानात त्यांना एकट्यालाच जमायचा. त्यांची छाती फुगली. "वा! तयार हात आहे."

मागे कात्री हवेतच दोनदा वाजली. केसांना लावण्याआधी काका वाजवायचे, अगदी तशी. मग ओली, गार बोटं त्यांच्या मानेवर टेकली.

हात इतका हलका होता, की काकांनी शहाण्या गिऱ्हाइकासारखी मान पाण्याकडे झुकवली.