रोलर वहिनी

गवंड्यांनी पहार खाली ठेवली, हातमोजे काढले आणि ते पहारीवरच टाकले.

"माझे हात गेले आता," ते पोस्टमास्तरांना म्हणाले. "दुसरा कुणीतरी बघा."

जंगलातल्या त्या उभ्या वाटेवर सगळ्यांची कामं थांबली. दर रविवारी ही पाच-सहा जणांची टोळी हौसेने यायची आणि फिरायला येणाऱ्यांसाठी उखडलेली वाट दुरुस्त करायची. निवृत्त पोस्टमास्तर टोळीचे म्होरके. दगडी पायऱ्या बसवायचं काम गवंड्यांचं. गेल्या आठवड्यात वरच्या वळणावरची त्यांचीच एक पायरी एका वयस्क बाईंच्या पायाखाली डोलली. नवऱ्याचा हात धरून बिचाऱ्या उतरत होत्या. खुबा मोडला. पुन्हा पायावर उभ्या राहतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

गवंड्यांची बायको मातीची टोपली घेऊन मागे उभी होती. टोळीत त्यांना रोलर वहिनी म्हणत. नाव चेष्टेतलं, पण मान खरा. दगड बसवून झाला की अंगापिंडाने भरलेल्या वहिनींनी त्यावर उभं राहायचं, एकदा या काठावर, एकदा त्या काठावर भार टाकायचा. डोललाच तर गवंडी खाली दगडाची बारीक चीप ठोकत. त्यात लाज कसली? पहिल्या ठोक्यात बसतो असा दगड देवाने अजून घडवायचाय. पण वहिनींनी 'पक्की' म्हटलं की पायरी पक्की. "वहिनी उभ्या राहिल्या की डोंगरसुद्धा सावरून बसतो," टोळीतला वाळका ड्रायव्हर म्हणायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने वहिनीच हसायच्या. जन्मभर ज्या अंगाला लोकांनी नावं ठेवली, ते देवाने उतारवयात कुणाच्या तरी कामी लावलं, याचं त्यांना कोण अप्रूप.

वरच्या वळणावरच्या पायरीला त्यांनीच पक्की म्हटलं होतं. त्यांच्या पायाखाली ती डोललीच नव्हती. का डोलली नव्हती, ते त्या एकट्यांना ठाऊक होतं, आणि त्या विचाराने घास घशाखाली उतरत नव्हता. घास तसाही उतरत नव्हताच. पोटातल्या गाठीने त्यांना आतून पोखरत आणलं होतं. दवाखान्यात त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. लेकीचे दिवस भरत आलेले, पहिली खेप. बाळ सुखरूप हाती येईपर्यंत घरात रडारड नको म्हणून त्यांनी ओठ शिवून घेतले. झडत चाललेलं अंग दोन स्वेटर आणि वर नवऱ्याचा जुना रेनकोट घालून झाकलं. माणसं फसली. पण माणसांबरोबर दगडही फसला.

पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "वाईट वाटून घेऊ नका, गवंडी. वय कुणाला चुकलंय? पायऱ्यांचं काम आता बंदच करू."

"करा," गवंडी म्हणाले. ज्यांच्या भिंतीला कुणी पुन्हा ओळंबा लावून पाहिला नाही, ते गवंडी मान खाली घालून उभे होते.

बोलावं तर घर कोसळेल, वहिनींच्या मनात आलं. न बोलावं तर हा माणूस कोसळेल. देवा, दोन्हीकडून ढिगारा माझ्याच अंगणात.

त्यांनी टोपली खाली ठेवली. आज बसवलेल्या, अजून कुणी पाय न ठेवलेल्या पायरीवर त्या चढल्या. या काठावर भार टाकला. त्या काठावर टाकला. दगड गप्प.

"आता तुम्ही चढा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"मी? अहो वहिनी, तुमच्यापुढे मी म्हणजे काडी."

"चढा हो."

ड्रायव्हर हसत हसत चढला. दगड त्याच्या पायाखाली खटकन डोलला. त्याचं हसू जागच्या जागी विरलं. त्याने दगडाकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

वहिनींनी रेनकोटची बटणं काढली. मग एक स्वेटर काढला, मग दुसरा. आतली बाई टोळीतल्या कुणीच पाहिलेली नव्हती.

"हात यांचे नाही गेले," त्या म्हणाल्या. "मी चाललेय. त्या बाईंचा खुबा माझ्यामुळे मोडला. यांना यातलं काही ठाऊक नव्हतं."

पोस्टमास्तर जवळच्या खोडाला टेकले. गवंडी मात्र दचकले नाहीत. काय झालंय, असंही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी खाली पडलेला स्वेटर उचलला, त्याला लागलेला पाचोळा झटकला आणि तो बायकोच्या खांद्यांवर टाकला.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी तुझ्यामागून मी एकदा उभं राहून बघायला हवं होतं. पण मी चढलो असतो तर तुला कळलं असतं, की मला कळलंय."

वहिनींनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"रात्री तू कूस बदललीस की खाट करकरायची," गवंडी म्हणाले. "ती करकरेनाशी झाली, तेव्हापासून."