जुन्या लाकडाचा वास

सुचौ शहरातली आमची गल्ली पाडली आणि चार वर्षांनी त्याच जागी नवीकोरी 'प्राचीन गल्ली' बांधली. आमचं घर होतं तिथे आता महागडं हॉटेल आहे. माझ्या मुलाने, रुइलिनने, शेनझेनहून आलेल्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांना हौसेने तिथेच जेवायला नेलं.

भात आला तो लाल लाखेच्या, पितळी पट्ट्यांच्या, झाकणवाल्या लाकडी बादलीतून.

"अस्सल जुनी आहे! ही गल्ली पाडताना भंगारवाल्याकडून मिळवली," मालक फुशारला. "पूर्वी सुचौची माणसं यातच भात ठेवायची."

माझा एक वाडगा संपला होता. मग माझं लक्ष बाजूला ठेवलेल्या झाकणाकडे गेलं. त्याच्या आतल्या कडेला माझ्या नवऱ्याने खिळ्याने कोरलेलं आमचं आडनाव होतं, शेजाऱ्यांशी अदलाबदल होऊ नये म्हणून. मी वाडगा दूर सारला.

"विहीणबाई, घ्या ना अजून!" होणारी विहीण तिसऱ्यांदा स्वतःचा वाडगा पुढे करत म्हणाली. "आमच्याकडे मेलं सगळं प्लॅस्टिक. या भाताला कसा जुन्या लाकडाचा वास येतोय!"

"आई, तोंड वाकडं करू नकोस," रुइलिन माझ्या कानाशी पुटपुटला. "लग्न मोडायचंय का माझं?"



&nbsp;

आमच्या त्या घरात संडास नव्हता, आणि सव्वीस वर्षं रोज पहाटे ती बादली गल्लीच्या टोकाला रिकामी करून मीच खराट्याने घासत होते.