वर केलेला हात

करवंदीच्या जाळीतलं एक पिलू तोंडात धरून बिबटीण रस्त्यापलीकडं गेली, तसं गाइड मानसिंगनं सफारीच्या जिप्सीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, "तिसऱ्या पाणवठ्यावर बिबटीण हाय, लगेच या." मिलिटरीतली सवय, दिसलं की कळवायचं. दुसऱ्या पिलासाठी ती परतली, तोवर त्याच्या गाडीमागं वळणापर्यंत अकरा जिप्सी लागलेल्या. ती पलीकडं गवतातच थबकली. "आवं, वाट द्या की तिला. लेकरू हिकडंच राहिलंय," त्याच्या गाडीतल्या, सांगलीहून आलेल्या पद्मावतीकाकू म्हणाल्या. गाड्या मागं घ्या, असं खुणवायला मानसिंगनं उभं राहून हात वर केला. पण हात वर म्हणजे जनावर दिसलं, इंजिन बंद. ही खूण ड्रायव्हरांना त्यानंच शिकवलेली. अकराही इंजिनं थांबली. माणसं मोबाइल घेऊन सीटांवर चढली. गवत हललं, बिबटीण गेली. शांततेत पिलाचं ओरडणं सगळ्यांना ऐकू आलं. मानसिंगचा हात अजून वरच होता.