दोन सह्या

गोदामात नऊ हजार गरम कोट पडून होते आणि आघाडीवर पोरं थंडीनं काकडत होती. कोट सोडायला दोन्ही सेनापतींच्या सह्या लागायच्या, पण दुसऱ्याच्या नावाखाली सही करायला दोघांतला एकही तयार होईना. गोदामाच्या म्हाताऱ्या कारकुनानं महिनाभर दोघांचे उंबरे झिजवले. शेवटी कागद घडीवर फाटला, तो त्यानं चिकटवून घेतला.

एका सकाळी गोदामात शत्रूचा अधिकारीच आला. कारकुनानं सवयीनं कागद पुढे सरकवला.

"साहेब, दोन सह्या लागतात."

"त्या मघाशीच झाल्या, शरणागतीच्या कागदावर. एकाखाली एक," अधिकारी म्हणाला. "आता किल्ली द्या, काका. तुमचीच पोरं बाहेर कैद्यांच्या रांगेत कुडकुडत उभी आहेत."