तीन तास

"दर तासाला काय केलं ते लिहायचं," मेट्रन म्हणाल्या, तेव्हाच शालन सिस्टरांना संशय आला. मागच्या वर्षी असंच मोजमाप झालं आणि वॉर्डातल्या दोन नर्स कमी झाल्या. तरीही महिनाभर त्यांनी खरं तेच लिहिलं.

बैठकीत त्यांच्याच वॉर्डाचा तक्ता पडद्यावर आला.

"औषधं आणायला रोज तीन तास?" फार्मासिस्ट ढवळेंनी विचारलं.

"तुमच्या खिडकीशी ताटकळावं लागतं. तेवढा वेळ पेशंटजवळ कुणी नसतं."

ढवळे तक्ता पाहत राहिले. "मला वाटायचं, तुम्ही खाली गप्पा मारायला येता," ते ओशाळून म्हणाले. "उद्यापासून औषधं आम्हीच वर पोचवू."

शालन सिस्टरांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"लिहून द्या."

ढवळेंनी लिहून सही केली. तारीख राहिली होती. तीही सिस्टरांनी घालून घेतली.