आबांचं पथ्य

“क्लोराइडचा भार?” माधवीने विचारलं.

“एक ऋण.”

“सल्फेट?”

“दोन ऋण,” भाची कोमल म्हणाली आणि चटकन आत्याच्या तोंडाकडे बघितलं. उत्तर बरोबर असलं तरी आत्याचं तोंड हल्ली आंबटच असायचं.

माधवीचे कान मधल्या खोलीत होते. तिथे आबा जेवत होते. त्यांच्या किडन्या थकल्या होत्या आणि रक्तातलं पोटॅशियम चढत चाललं होतं. असंच चढलं तर काळीज एकाएकी बंद पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग त्यांनी विचारलं होतं, “शहाळ्याचं पाणी तर कुणी देत नाही ना?”

माधवीने तेव्हा वहिनीकडे पाहिलं होतं. शालनवहिनीची भाजे लेण्यांच्या पायथ्याला शहाळ्यांची गाडी होती.

“वन्सं, शपत घिऊन सांगते, येक घोट बी दिला न्हाई,” शालन म्हणाली होती.

“गाडीवर येईल त्याला शहाळं फोडून देता, वहिनी. घरीच बरा हात आखडतो?”

माधवी तळेगावचं घर नवऱ्यावर टाकून माहेरी राहायला आली. आबांचा स्वयंपाक तीच करू लागली, ताटही तीच वाढू लागली. शालनला तिने आबांच्या भांड्याला हात लावू दिला नाही. तरी काल रक्त तपासलं तर पोटॅशियम आणखी वाढलेलं. म्हणजे ही बया नजर चुकवून देतेच आहे, अशी माधवीची खात्री झाली.

“आत्या, बाईंनी स्वयंपाकघरातल्या वस्तूंमधले आयन शोधून आणायला सांगितलेत,” कोमल म्हणाली. खायचा सोडा झाला. मग तिने आबांची चुन्याची डबी आणली. “कॅल्शियम, दोन धन. हायड्रॉक्साइड, एक ऋण. एकट्या कॅल्शियमला दोघं सांभाळायला लागतात, आबांसारखं!”

माधवीला नाही म्हटलं तरी हसू आलं. “आता मीठ सांग. सोपं आहे.”

“सोडियम, एक धन. क्लोराइड, एक ऋण.” कोमलने मिठाची पुडी उजेडात धरली. ही पुडी माधवीच दर महिन्याला पाठवायची. आबांना साधं मीठ नको, म्हणून महागाचं, कमी सोडियमचं. वहिनीला हे सुचलं नसतं, असं तिला दर वेळी वाटायचं. इथे आल्यापासून तर ती आबांच्या पानात मीठ घालताना हात राखत नव्हती. औषधीच मीठ ते!

“पण आत्या, यात सोडियम कमी केलंय ना? मग त्याच्या जागी दुसरं कुणीतरी घातलंय.” कोमल पुडीवर वाकली. “हां, हे बघ. पोटॅशियम. एक धन.”

माधवीने पुडी हिसकावली. अक्षरं बारीक होती. त्याखाली, त्याहून बारीक अक्षरांत, किडनीच्या रुग्णांनी हे मीठ खाऊ नये असं छापलं होतं. तिने आजवर पुढचं लाल बदामाचं, काळजाचं चित्र तेवढं पाहिलं होतं.

ती धावली. आबांनी आमटीभाताचा घास उचलला होता. माधवीने त्यांचा हात धरला आणि पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. जेवत्या माणसाचं ताट ओढू नये, हे तिला आबांनीच शिकवलं होतं.

आवाज ऐकून शालन दारात आली. आबांनी लेकीकडे पाहिलं, मग सुनेकडे. इतक्या दिवसांत या घरात कुणाला बोल लावायचा, हे त्यांनाही पाठ झालं होतं.

“आता आनी काय घातलं हिनं?” ते कातावून म्हणाले.

शालन मान खाली घालून उभी राहिली. तिला ही सवय झाली होती.

“वहिनीनं नाही, आबा,” माधवी म्हणाली. “मीच घालत होते.”