विरजणाची पाळी

दही लागलं नव्हतं. डॉक्टरांनी बाटली पुन्हा तिरकी केली. आत पातळ दूधच डुचमळलं.

अंटार्क्टिकावर गाडी बंद पडल्यापासून आम्ही तिघं तंबूत अडकलो होतो. झोपताना एकाने पावडरच्या दुधाला विरजण लावून बाटली पोटाशी घ्यायची. अंगाच्या उबेवर दही लागायचं. या वेळी पाळी देवस्थळी सरांची होती.

“पावडरच भिकार,” सर जड जिभेने म्हणाले.

“त्याच पावडरचं हिच्याकडे कवडीसारखं लागलं होतं,” माझ्याकडे बोट दाखवत डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सरांची स्लीपिंग बॅग उघडली. सरांचा स्वेटर ओला होता, पोट गार. त्यांचा कोरडा स्वेटर माझ्या अंगात होता. ‘जादाचा आहे,’ म्हणाले होते.

मी तो उतरवला आणि सरांचा ओला काढून त्यांना चढवला. आम्ही सरांना मध्ये घेतलं, बाटली पुन्हा त्यांच्याच पोटाशी ठेवली. वारा तंबू उपटू बघत होता. मी सारखी बाटली हलवून बघत होते.

“अगं, हलवलंस तर लागेल कसं!” डॉक्टर ओरडले.

कधीतरी डोळा लागला. जाग आली तेव्हा सर बोट चाटत होते.

“आंबट झालंय,” ते कुरकुरले.